गावाला समजावायला जाऊ नकोस, गावाबरोबर मोजायला बस

ताई,
मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात. अंगणातून कोळशाच्या ओपनकास्ट (जमीन वरून उघडून खणलेल्या) खाणीचे मातीचे डोंगर दिसतात. आमची शेती खाणीत गेली, त्या बदल्यात बाबांना नोकरी लागली. त्या पगारावर मी आणि भाऊ शिकतो. भाऊ आयटीआय करतोय, त्यालाही खाणीतच चिकटायचं आहे. मी रासेयोत (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे. 5 जूनला आम्ही झाडं लावली, फोटो काढले, दिवाळीपर्यंत निम्मी वाळली. मग हवामान बदलावर पथनाट्य केलं. एक आजी म्हणाली, "पोरी, ऊन वाढलं हे तू मला काय सांगतेस?" मला फार लागलं. या विषयावर वाचायला घेतलं की पोटात गोळा येतो. मैत्रिणी म्हणतात, शहरात मोर्चे निघतात, तिकडे जाऊ. आणि खरं सांगू का, बाबांचं मीठ खाऊन कोळशाविरुद्ध बोलायची मला लाज वाटते. विद्यार्थ्यांच्या हातात खरंच काही असतं का?
– राजुरा तालुक्यातली एक वाचक

आधी त्या आजींचं बोलणं घेऊ, कारण तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे. त्यांनी तुझा अपमान केलेला नाही. राजुऱ्याच्या भागात साठ-सत्तर उन्हाळे काढलेल्या बाईला ऊन वाढल्याची बातमी द्यायला गेलं, तर ती दुसरं काय म्हणणार? चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात 45-46 च्या पुढे गेल्याचं आपण पेपरात वाचतो, त्या ते अंगावर काढतात. आजींना ठाऊक नसलेली गोष्ट निराळी आहे. या उन्हाचा त्रास कमी व्हावा म्हणून गावात कोण काय करू शकतं, त्याला पैसा कुठून येतो आणि तो मागायचा कसा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तुलाही अजून ठाऊक नाही. तेव्हा पथनाट्याचं सामान काही महिने माळ्यावर टाक आणि हे शोधायच्या मागे लाग.

विद्यार्थ्यांच्या हातात काही असतं का, या तुझ्या प्रश्नाला मी एका खऱ्या गोष्टीनं उत्तर देते. प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा बेटांचा छोटा देश आहे. समुद्र चढतोय, वादळं येऊन घरंदारं नेताहेत. 2019 साली तिथल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या 27 मुलामुलींनी वर्गातल्या अभ्यासातून एक मागणी पुढे आणली: हवामान बदलाबाबत देशांवर कायद्यानं काय जबाबदारी येते, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारा. आधी त्यांनी आपल्या भागातल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतूच्या सरकारनं मागणी उचलली, मग एकेक देश जोडत गेला. 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तसा ठराव एकमतानं केला आणि 23 जुलै 2025 रोजी न्यायालयानं मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडणाऱ्याला त्याचे परिणाम भोगावे लागू शकतात. सहा वर्षं लागली. त्या मुलांनी बेटावरच्या कोळ्यांना समुद्र चढल्याची बातमी दिली नाही. निर्णय कुठे होतो ते त्यांनी शोधलं, तिथे नेमकी एकच मागणी नेली आणि पदवी हातात पडल्यावरही ती सोडली नाही.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठी रातोरात झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सुट्टीचे दिवस असूनही सर्वोच्च न्यायालयाचं खास पीठ बसलं आणि 7 तारखेला तोड थांबवायचा आदेश निघाला. तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती, हेही सांगायला हवं. मोर्चाला जायचं तर खुशाल जा, मी अडवणार नाही. रस्त्यावर माणसं उतरली नसती तर आरेचं नाव कुणाच्या कानावर गेलं नसतं. पण राजुऱ्याहून मुंबई-पुण्याचा मोर्चा लांब आहे, आणि तुमची ग्रामपंचायत घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आता तुझ्या गावात येते.

एप्रिल तोंडावर आहे. या उन्हाळ्यात तू आणि तुझ्या दोन-चार मैत्रिणींनी एकच काम हाती घ्यावं: गावातलं ऊन मोजायचं. तुमच्याकडे अंगणवाडी आहे, तिच्यावर बहुधा पत्रे असतील. तीन ते सहा वर्षांची मुलं जिथे खाऊन लवंडतात तिथे, त्यांच्या उंचीला, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर दोरीनं थर्मामीटर टांग. भिंतीला टेकवू नकोस, उन्हाची तिरीप पडेल असा लावू नकोस. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागायचा असेल तर पाऱ्याचा नको, लाल अल्कोहोलचा माग. फुटला तर मुलांमध्ये पारा सांडायला नको. दोन थर्मामीटर असतील तर पहिल्या दिवशी ते एकाच सावलीत अर्धा तास शेजारी ठेवून दोघांत किती फरक येतो ते लिहून ठेव, नाहीतर पुढे ग्रामसभेत कुणीतरी बोट ठेवेलच.

मग गावातली तीन-चार घरं निवड: एक पत्र्याचं, एक कवेलूचं (कौलारू), एक घरकुलाचं स्लॅबचं. दुपारी दोनला आणि रात्री नऊला माप. रात्रीचं चुकवू नकोस. पत्रा दुपारी भाजून काढतो पण सूर्य बुडाल्यावर लवकर निवतो. स्लॅब उलटा, दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकत राहतो. घरकुल मिळालेली माणसं मे महिन्यात अंगणात खाट का टाकतात, ते तुझ्या वहीत आकड्यांनी दिसेल. वहीत तारीख, वेळ, जागा, छप्पर, अंश असे रकाने आख आणि शेवटचा रकाना रुंद ठेव. त्यात सेविकाताई काय म्हणाल्या ते लिही: आज पोरं झोपली नाहीत, दोघांना घोळणा फुटला, पंखा गरम हवा फेकतो म्हणून बंद ठेवला. ग्रामसभेत आकडा ऐकून माणसं मान डोलावतात आणि या रकान्यातल्या ओळी ऐकून बोलायला लागतात.

हे मोजायचं कशाला, मोबाइलवर तापमान दिसतंच, असं कुणीतरी म्हणेल. हवामान खात्याचं तापमान पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, मोकळ्या जागी मोजलेलं असतं. ते बरोबरच आहे, पण ते पत्र्याखालचं नाही. शिवाय मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर व्हायला कमाल तापमान 40 च्या वर जाऊन सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं, नाहीतर सरळ 45 गाठावं लागतं. तुमच्याकडे मे महिन्याची सरासरीच 42-43 च्या घरात. म्हणजे पारा 44 वर असलेल्या दुपारी कागदोपत्री लाट नसूही शकते. ज्या दिवसाची कुठे नोंदच नाही, त्या दिवसासाठी कुणी सावली, पाणी, वेळेतला बदल मंजूर करत नाही. तुमची वही ही त्या दिवसांची नोंद आहे.

अहमदाबादचं लक्षात घे. मे 2010 मध्ये तिथे उन्हानं नेहमीपेक्षा तेराशेवर जास्त माणसं दगावली. हे कळलं ते नंतर मृत्यूंचे आकडे मांडून पाहिल्यावर. त्यातूनच 2013 साली शहराचा उष्णता कृती आराखडा आला. आता जिल्ह्याजिल्ह्यांचे आराखडे होतात. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन तुमच्या जिल्ह्याचा आराखडा माग आणि त्यात खेड्यातल्या अंगणवाडीबद्दल, खाणीच्या गावांबद्दल काय लिहिलंय ते शोध. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच, दहा रुपयांत होतो. पण आधी गोडीनं विचार, बरेचदा समोरचा कर्मचारी स्वतःहून काढून देतो.

एक गोष्ट मात्र मापाबरोबरच, पहिल्या दिवसापासून हवी. ऊन लागून माणूस बरळायला लागला, तोल जायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजायचा आणि 108 ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचा, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवायची. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. आशाताईंकडून हे तुम्ही सगळ्यांनी नीट शिकून घ्या.

मेअखेर वही भरली की पुढचं काम ग्रामसभेत. आपल्याकडे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा तुला शाळेपासून माहीत असतील. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. तुझं वय झालेलं आहे, नाव लागलं नसेल तर आधी नमुना 6 भर. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरवर होते. तुमच्या गावात ती खरोखर भरवायची, आणि तुझी पहिली वही तिथे उघडायची. त्या आजींना पुढे बसव. तुझ्या आकड्यांना त्यांची साक्ष असली की सरपंचांना ते परीक्षेतल्या गुणांसारखे वाटणार नाहीत.

विषय सचिवांकडे आधी लेखी दे, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. ऐनवेळच्या विषयांत टाकलास तर निम्मी माणसं उठून गेल्यावर वाचला जाईल. सभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतली कमी असेल तेवढी गणसंख्या लागते, तेव्हा माणसं आणणं हेही तुमच्याच अंगावर. मागणी मोघम नको. "पर्यावरणाचं रक्षण व्हावं" या ठरावावर सगळे हात वर करतात आणि घरी जातात. ठराव असा लिहा: गावातल्या अंगणवाडीच्या छताला येत्या मार्चअखेरपर्यंत उष्णतारोधक पांढरा रंग द्यावा, थांब्यावर सावलीचं छप्पर करावं, एप्रिल-मेमध्ये पंचायतीची कामं सकाळी अकराच्या आत उरकावीत. रंगाबद्दल एक सूचना करते: चुना स्लॅबवर चालतो, स्वस्तही पडतो, पत्र्यावर तो धरत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो. पत्र्याला त्यासाठीचा रंगच लागतो. सबंध गावाचा खर्च मागण्याआधी एका खोलीचं छप्पर वर्गणी काढून रंगवा आणि शेजारच्या न रंगवलेल्या खोलीशी माप ताडून पाहा. किती अंश उतरले हे मी सांगण्यापेक्षा तुमच्या वहीनं सांगितलेलं बरं.

आणि पैसा? इथे तुझी खाण येते.

2015 साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्यांनी सरकारला स्वामित्वधन (रॉयल्टी) भरायचं, ते भरतातच. शिवाय जुन्या खाणींनी त्याच्या 30 टक्क्यांइतकी रक्कम या प्रतिष्ठानात द्यायची, ती खाणीमुळे झळ बसलेल्या गावांसाठी. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण, प्रदूषण नियंत्रण यांना त्यात अग्रक्रम आहे. चंद्रपुरासारख्या कोळशाच्या जिल्ह्यात ही रक्कम लहान नसते. लोक तिला खनिज निधी म्हणतात आणि तो रस्ते-सभागृहांवर जास्त जातो अशी कुरकुर ठिकठिकाणी ऐकू येते. कुरकुर करण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव, सोबत दोन महिन्यांच्या नोंदी, एका रंगवलेल्या खोलीचं माप आणि रंगाचं कोटेशन एवढं एका फायलीत घालून जिल्हाधिकारी कार्यालयात दिलंत, तर ती फाइल बाजूला सारणं अवघड जातं. अंगणवाडीच्या मुलांचं छप्पर महिला-बालकल्याणात बसतं, आरोग्यातही बसतं.

आता बाबांबद्दल. पत्रातला हा भाग लिहिताना तुझा हात जड झाला असणार, म्हणून याला सावकाश उत्तर देते.

तुझे बाबा कोळसा काढतात म्हणून पृथ्वी तापते, असा हिशोब कुणी तुझ्यापुढे ठेवला तर तो खोटा आहे. आधी तुमची जमीन गेली, मग नोकरी आली; बाबांनी मनानं निवडलेला धंदा नव्हे तो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. ती वीज राज्यभर जाते, मुंबई-पुण्याचे एसी तिच्यावरही चालतात. राख, धूळ आणि तापलेली हवा मात्र तुमच्याकडे राहते. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अति प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तिच्यात चंद्रपूर चौथं होतं. जगाचा हिशोब मांडला तरी चित्र असंच आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत सुमारे 14 टन. ज्यांनी कमी तापवलं त्यांनाच जास्त पोळतंय, आणि त्यातही ज्यांच्या जमिनीखाली कोळसा निघाला त्यांना दोन्हीकडून.

म्हणून कोळशाविरुद्ध घोषणा देण्याची सक्ती स्वतःवर करून घेऊ नकोस. पण कोळशाबद्दल गप्पही बसू नकोस, कारण त्यात तुझ्या भावाचं आयुष्य आहे. भारतानं 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत 2070 पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेण्याचं, वचन दिलं. ते पाळायचं तर तुझा भाऊ निवृत्त होण्याआधी कोळशाचं बरंच काही बदलणार. आणि धोरण राहू दे, ओपनकास्ट खाणीचं आयुष्य मोजकंच असतं. कोळसा संपला की यंत्रं दुसरीकडे जातात. कोळसा मंत्रालयाच्या 2009 पासूनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा लागतो आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे भरत राहावं लागतं. तुमच्या खाणीचं आयुष्य किती वर्षं उरलंय, मातीच्या डोंगरांचं आणि खड्ड्याचं पुढे काय ठरलंय, हे गावात किती जणांना माहीत आहे? हा प्रश्न बाबांना विचार. आरोप म्हणून नको, जेवताना सहज. खाणीतली माणसं याबद्दल आपसांत बोलत असतात, घरी बोलत नाहीत एवढंच. मला वाटतं, बाबा तुला तुझ्या पुस्तकांपेक्षा जास्त सांगतील. मे महिन्यात दुपारच्या पाळीला कसं निभवतात, पिण्याचं पाणी किती लांब असतं, ठेकेदाराच्या माणसांना सावली मिळते का, यातलं एकेक तुझ्या रुंद रकान्यात जाण्यासारखं आहे. भावाला म्हणावं, इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर असा ट्रेड घे जो खाणीतही चालेल आणि सौर पंप, सौर छपरं बसवायलाही चालेल.

खाणीच्या हद्दीत मात्र मैत्रिणींना घेऊन मापं काढायला, फोटो काढायला जायचं नाही. हे मी निक्षून सांगते. सुरुंग, डंपर, घसरणारी माती, तिथे उत्साह कामाचा नाही.

उत्पन्न सोडून निसर्ग राखणं गरिबांना परवडत नाही असं कुणी म्हणालं, तर शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावची वाट धर. 2012 साली त्या छोट्या गावाला 1,006 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल गावानं मिळून राखायचा आणि वापरायचा हक्क, मिळाला. बांबू ते स्वतः तोडतात, स्वतः विकतात. तेंदूपत्त्यात रोकड पैसा असतो, तरी ग्रामसभेनं तेंदू तोडणं बंद केलं. तेंदूसाठी झाडांची छाटणी होते, जंगलाला आगी लावल्या जातात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात तर निर्णय बहुमतानंही घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात, आणि ग्रामसभेआधी एक अभ्यास गट त्या विषयाचा कीस काढतो. तो अभ्यास गट तुमच्या कॉलेजच्या पोरांनी उचलावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, देवळाच्या ओट्यावर, एक विषय. भाषण नको. गावातला जाणता माणूस बोलावून त्याला विचारायचं.

जंगलाला लागून गावं असलेल्या तुझ्या मैत्रिणींसाठी या महिन्यातलंच एक काम आहे. मोहफुलं पडायला लागली असतील. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि तीच आग पुढे वणवा होते. वेचणाऱ्या बायका पहाटे अंधारात येतात. त्यांच्याबरोबर चार दिवस झाडाखाली झाडून द्या, जुन्या साड्या शिवून खाली अंथरा. फूल स्वच्छ मिळालं, भाव बरा आला, की आगपेटी आपसूक घरी राहते. कुणाला दोष द्यायचा नाही. तिचा अख्खा उन्हाळा त्या टोपल्यावर आहे.

रासेयोच्या झाडांचं थोडक्यात सांगते. शंभर लावू नका, दहा लावा. खड्डे मे महिन्यात घ्या, झाड कडुनिंब, करंज, वड, उंबर असं इथलं घ्या, जागा अशी निवडा जिथे माणसं उभी राहतात: थांबा, आठवडी बाजार, दवाखान्याचं दार. प्रत्येक झाडाला दोन उन्हाळे पाणी घालणाऱ्या घराचं नाव आधी ठरलेलं असावं. रासेयोचे वर्षाचे 120 तास असतात, ते एका दिवसाच्या कार्यक्रमांत उडवण्याऐवजी या मापाच्या कामात लावा. कार्यक्रम अधिकारी सरांना आवडेलही, त्यांनाही वर्षानुवर्षं तेच फोटो पाठवण्याचा कंटाळा आलेला असतो. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे प्रोजेक्ट आहेत, ते तुझ्या विषयाला लागू असतील तर ही वही तिथे दाखल कर. श्रेयांकही मिळतील आणि घरी "अभ्यास सोडून काय उद्योग चाललेत" हे ऐकावं लागणार नाही.

चंद्रपूरच्या किल्ल्याचं तू ऐकलं असशीलच. इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी मार्च 2017 पासून गोंडकालीन तटबंदीची सफाई धरली आणि दोनशेहून जास्त दिवस रोज चालवली. त्याची दखल पुढे देशभर घेतली गेली. रोज सकाळी थोडं, हाच त्यांचा मार्ग होता. तुझंही काम असंच चालेल. पावसाळ्यात थर्मामीटरच्या जागी पर्जन्यमापक येईल. 2022 च्या जुलै-ऑगस्टमध्ये वर्धा नदीच्या पुरानं तुमच्या भागाचे जे हाल झाले, त्यानंतर नदीकाठच्या प्रत्येक शाळेत एक असायला हवा असं मला वाटतं. केरळात कोट्टायम जिल्ह्यात मीनाचिल नदीच्या खोऱ्यात शाळेची मुलं आणि गावकरी पाऊस मोजतात आणि खालच्या गावांना मोबाइलवर कळवतात. वर किती पडला हे कळलं की खालच्यांना सामान उचलायला वेळ मिळतो.

राहिला तुझ्या पोटातला गोळा. 2024 हे आजवर मोजलेलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, औद्योगिक काळाआधीपेक्षा सुमारे दीड अंशानं जास्त, आणि असं वाचून विशीतल्या मुलीच्या पोटात गोळा येणं अगदी साहजिक आहे. ती भीती चुकीची नाही, तिला घालवायच्या मागेही लागू नकोस. फक्त रात्री अंथरुणात एकटीनं मोबाइलवर हे वाचणं बंद कर. जे वाचायचं ते अभ्यास गटात, चौघींनी मिळून, उजेडात वाचा. भूक किंवा झोप उडाली आणि दोन आठवडे तशीच राहिली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन कर, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आईलाही सांग. आपली मुलगी कशानं झुरतेय हे तिला कळायला हवं.

अपयशाचीही तयारी ठेव. 15 ऑगस्टच्या सभेत विषय गडबडीत गुंडाळला जाईल, असं होऊ शकतं. मग 2 ऑक्टोबर आहे. पुढच्या वर्षीचा पंचायतीचा विकास आराखडा त्याच सुमारास आकाराला येतो, त्यामुळे ती सभा जास्त महत्त्वाची आहे. तोवर ठरावाची प्रत, पोच, फाइलचा क्रमांक सगळं एका पिशवीत जप. तिसऱ्या वर्षानंतर तू पुढच्या शिक्षणाला बाहेर गेलीस तर वही कुणाच्या हातात द्यायची, ती पहिल्या वर्षाची मुलगी आत्ताच सोबत घे.

1 एप्रिलपासून सुरू करा. दुपारी दोनचं माप घ्यायला निघताना डोक्याला दुपट्टा, हातात पाण्याची बाटली, आणि एकटीनं नाही, जोडीनं. मेअखेरची पानं मला पाठव. तुझ्या ठरावाचा मसुदा आपण बसून नीट करू.

– तुझी ताई